ताटी उघडणारे शब्द

(सोनगीर येथे पालक व शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात प्रसिद्ध आहेत. शाळेत मुलाची टवाळी झाली की वडीलधारे समजूत घालतात, ‘ठोके बसल्याशिवाय भांडे घडत नाही.’ पण हा दाखला अर्धाच आहे. तांबट ठोका घालतो तेव्हा भांड्याला आतून लोखंडाचा आधार असतो. आधार नसेल तर त्याच ठोक्याने भांड्याला पोचा पडतो. मुलांच्या मनाला असा आतला आधार कोठून मिळावा? त्याचे एक उत्तर कवितेत आहे आणि ते आपल्या परंपरेने फार पूर्वीच दिले आहे.

विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला, म्हणून त्यांच्या चार मुलांना समाजाने ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवले, वाळीत टाकले. परंपरा सांगते की, अपमानाने व्यथित झालेले ज्ञानदेव एकदा झोपडीची ताटी, म्हणजे कुडाचे दार, लावून आत बसले. धाकटी बहीण मुक्ताई बाहेर उभी राहिली आणि तिने अभंगांतून भावाची विनवणी केली. तेच ‘ताटीचे अभंग’. पारंपरिक कालगणनेनुसार ज्ञानदेवांचा जन्म १२७५ चा आणि मुक्ताईचा १२७९ चा. याच मुक्ताईची समाधी आपल्या खानदेशात आहे. जळगाव जिल्ह्यातील पूर्वीचे एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते.

या कथेत शिक्षकाला आणि पालकाला बरेच शिकण्यासारखे आहे. छळ सोसणारे मूल प्रथम ताटी लावते. ते बोलत नाही, डबा परत आणते, पोट दुखते म्हणून शाळा टाळते. मुक्ताईने ताटी मोडली नाही. ती दाराशी थांबली. ‘त्यात काय एवढे?’ असेही ती म्हणाली नाही. भाऊ मुळात कोण आहे, याचे तिने त्याला स्मरण करून दिले. तिने क्षमा मागितली हे खरे. परंतु तोच अपमान तिनेही सोसला होता, म्हणून तो तिचा अधिकार होता. ज्याला झळ लागलेली नाही, त्याने दुखावलेल्या मुलाला क्षमेचा उपदेश करणे वेगळे!

दुसरे उदाहरण जळगावजवळच्या असोद्याचे. १८८० साली तेथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी अहिराणीच्या शेजारच्या लेवा बोलीतली. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. घरी अहिराणी बोलणारा मुलगा शहरातील वर्गात एखादा शब्द बोलतो आणि सारा वर्ग हसतो, तेव्हा शिक्षकाने बहिणाबाईंची कविता काढावी आणि तिचा अर्थ त्या बोलीच्या जाणकारीने सांगावा. ज्याला हसत होते तो मुलगा न बोलताही ताठ बसेल आणि हसणाऱ्यांनाही आपण कशाला हसलो ते उमगेल.

याची रीत साधी आहे. कविता सर्वांनी मिळून म्हणावी; जो चिडवतो आणि जो नुसता पाहत राहतो, त्यांच्याही मुखी ते शब्द यावेत. ‘हे तुझ्याविषयीच आहे’ असे कोणत्याही मुलाकडे बोट दाखवून म्हणू नये. नंतर मुलांना घरच्या बोलीत चार ओळी लिहू द्याव्यात. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत आणि मुलाची इच्छा नसेल तर त्या मोठ्याने वाचायला लावू नये. जे तोंडाने सांगता येत नाही, ते पुष्कळदा वहीत उतरते.

मात्र वहीत मारहाणीचा, धमकीचा किंवा जिवाला कंटाळल्याचा उल्लेख आढळला, तर तेथे कविता पुरेशी नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि पालक यांनी एकत्र बसावे. छळ करणाऱ्या मुलाला थांबवावे आणि त्याच्याही घरी काय चालले आहे ते पाहावे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. तो क्रमांक वर्गाच्या भिंतीवर असावा. छळ थांबविणे हे मोठ्यांचेच काम आहे, ते मुलाच्या सहनशीलतेवर ढकलता येणार नाही.

कवितेने ताटी उघडते. ती उघडल्यावर समोर आपले माणूस उभे दिसले पाहिजे.