मॉडेल तेच, चॅनल तोच, तरी पानशेतला आवाज नाही

आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. गणित एकच येणार आहे आणि तेही चौथीतलं.

ट्रेकवाल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "नेटवर्क नसतं तिथे वॉकी-टॉकी घेऊ का? आणि डिजिटलच चांगला ना?" उत्तर देतो, पण आधी पानशेतचा किस्सा ऐका. कारण ‘डिजिटल आहे ना, मग झालं’ असं मीही समजत होतो. बीटेक करून, रोज कोड लिहून!

पावसाळ्यातली सायकल राईड होती. मी व्हॉलंटियर. एक गट खानापूरवरून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरणार, दुसरा सरळ पानशेत धरणापर्यंत जाऊन परत येणार. तिकडे गेलेल्यांना माहितीये, एका वळणावर मोबाईलला दोन काड्या, पुढच्या वळणावर काहीच नाही. मध्ये डोंगर आहेत, त्याला कोण काय करणार! म्हणून शहरातल्या एका भाड्याने सेट देणाऱ्याकडून तीस वॉकी-टॉकी आणले होते. पाबे घाटाच्या माथ्यावर जीपमध्ये दोन रिपीटर. रिपीटर म्हणजे उंचावर बसून एकाचं ऐकणारा आणि तेच जोरात सगळ्यांना सांगणारा.

सकाळी सगळं झकास. नऊच्या सुमारास पानशेतच्या चेकपोस्टवरचा आमचा मित्र म्हणायला लागला, आवाज कधी येतो, कधी येत नाही. कंट्रोलला बसलेल्यांचं एकमत: "डोंगर आडवा येतोय, जरा उंचावर जा." तो बिचारा पावसात चढावर जाऊन उभा राहिला. तरी तेच. मध्येच त्याला पार्किंगवाल्यांचं बोलणं ऐकू यायचं, जे त्याच्या ग्रुपचं नव्हतंच. आम्ही हसलो. हे हसणं मला अजून टोचतं.

कारण अर्ध्या तासाने तिथे एक जण ओल्या रस्त्यावर घसरला. कॉलरबोन मोडलं. मित्राने बटण दाबलं तर नुसता ‘टूं टूं’, म्हणजे सिस्टीम त्याला घेतच नव्हती. चार-पाच वेळा दाबलं. शेवटी एका गाववाल्या दादांनी बाईक काढली, रेंज येते तिथपर्यंत गेले आणि फोन केला. अँब्युलन्स खानापूरला उभीच होती. तिला कळायलाच पंचवीस मिनिटं लागली. तो मुलगा आज ठीक आहे, सायकलही चालवतो. पण डोक्याला लागलं असतं तर? धरणाच्या भिंतीखालच्या त्या रस्त्यावर उभं राहिलं की माझ्यासारख्या पुण्याच्या पोराला १२ जुलै १९६१ आठवतोच. निरोप वेळेवर पोचणं म्हणजे काय, हे आमच्या घरात आजीने पुराच्या गोष्टींमधूनच शिकवलंय.

दुपारी मी तो सेट घेतला आणि सरळ घाटमाथ्यावर, रिपीटरच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दहा फुटांवर. तरीही तसंच! म्हणजे डोंगर सुटला निर्दोष. मग मी आणि जीपमधले सेटवाले काका मोजत बसलो, की कंट्रोलच्या किती कॉलपैकी किती ऐकू येतात. साधारण चारातला एक. हेच ते चौथीतलं गणित.

हे समजायला ट्रंकिंग म्हणजे काय ते बघू. बँकेत चार खिडक्या आहेत. जुनी पद्धत अशी की प्रत्येक खिडकीला वेगळी रांग. तुमच्या रांगेत पुढे कोणी पासबुकांचा गठ्ठा घेऊन उभं असेल, तर शेजारची खिडकी रिकामी असूनही तुम्ही ताटकळता. साध्या चॅनलचं हेच होतं. ट्रंकिंगमध्ये टोकन असतं. सगळे एकत्र बसतात, बोर्डवर आकडा लागतो, ‘टोकन सतरा, खिडकी तीन’, आणि तुम्ही तिकडे जाता. रेडिओत हा बोर्ड म्हणजे कंट्रोल चॅनल. तुम्ही बटण दाबलं की सेट आधी गुपचूप विनंती पाठवतो, सिस्टीम मोकळी जागा देते आणि तुमच्या ग्रुपचे सगळे सेट आपोआप तिथे उडी मारतात. तुम्हाला वाटतं आपलं एकच चॅनल आहे. आत सतत पळापळ चालू असते.

आता डीएमआर. युरोपातल्या ईटीएसआय या संस्थेने २००५ मध्ये हे डिजिटल स्टँडर्ड काढलं. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलमध्ये वेळेचे दोन तुकडे करायचे, तीस-तीस मिलिसेकंदांचे. एक तुकडा तुझा, एक माझा. म्हणजे एका रिपीटरवर दोन संभाषणं. आमचे रिपीटर दोन, म्हणजे खिडक्या चार. आणि आमचा तो सेट टोकन बोर्डकडे बघतच नव्हता! तो सकाळपासून खिडकी एकसमोर ठाण मांडून बसला होता. त्या खिडकीवर जो येईल त्याचं बोलणं ऐकायचा, म्हणून पार्किंगवाले. आपला कॉल तिथे लागला तर नशीब. आणि स्वतः बोलायला गेला की टोकन नाही म्हणून हाकलला जायचा.

असं का? तीसपैकी चोवीस सेटचं फर्मवेअर नवीन होतं. सहा सेट आदल्याच दिवशी दुसऱ्या कामावरून परत आलेले, त्यांचं जुनं. मागे स्टिकरवर मॉडेल नंबर तंतोतंत तोच. जुन्या व्हर्जनला हा ट्रंकिंगचा प्रकार माहीतच नव्हता, म्हणून ज्याने घाईत प्रोग्रॅमिंग केलं त्याने त्या सहांना साध्या मोडमध्ये, पहिल्या रिपीटरच्या फ्रिक्वेन्सीवर टाकून दिलं. वर ऐकणं सगळ्या ग्रुपना उघडं ठेवलं, ‘काहीतरी तरी ऐकू येईल’ म्हणून. टेबलावर ठेवून ‘हॅलो हॅलो’ केलं, एकदा ऐकू आलं, पास! आपल्या ऑफिसातही ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणणारे असतातच की. मीही त्यातलाच.

फर्मवेअर आणि कोडप्लग यात घोळ करू नका. फर्मवेअर म्हणजे सेटचा मेंदू, त्याला काय काय जमतं ते. कोडप्लग म्हणजे त्यात भरलेली वही: फ्रिक्वेन्सी, ग्रुप, कलर कोड, आयडी. कलर कोड शून्य ते पंधरापैकी एक आकडा असतो, तो चुकला तरी सगळं मुकं. वही कितीही नीट भरा, मेंदूलाच ट्रंकिंग येत नसेल तर काय उपयोग? उलटंही होतं. फर्मवेअर अपडेट केलं आणि प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर जुनंच राहिलं, तर ते नवा सेट उघडायलाच नकार देतं. काही सेटमध्ये एकदा वर गेलात की खालच्या व्हर्जनला परत येता येत नाही. शिवाय बऱ्याच कंपन्या ट्रंकिंगची सोय लायसन्स की लावून विकतात. मेंदूला येतं, पण पैसे भरल्याशिवाय करणार नाही. पुण्यात अशी माणसंही सापडतील, असो.

बरं, सगळं ट्रंकिंग एकच असतं असंही नाही. डीएमआरमध्ये तीन टियर आहेत. पहिला साधा सेट-टू-सेट, दुसरा रिपीटरवाला, तिसरा खरा ट्रंकिंगचा, ज्यात टोकन बोर्ड कायम वेगळा चालू असतो. पण कंपन्यांनी आपापले मधले मार्गही काढले: मोटोरोलाचं कपॅसिटी प्लस, हायटेराचं एक्सपीटी. त्यात वेगळा बोर्ड नसतो. ते एकमेकांशी जुळत नाहीत, जरी दोन्ही खोक्यांवर ‘डीएमआर’ छापलेलं असलं तरी. तिसऱ्या टियरमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट चालावेत म्हणून डीएमआर असोसिएशन जोडीजोडीने चाचण्या घेते. त्या सर्टिफिकेटवर कोणत्या सोयी तपासल्या तेही लिहिलेलं असतं. घेणाऱ्याने तो कागद मागायचा. फार कमी लोक मागतात.

आणि अपडेट मारून सगळं सुटतं असंही नाही. मेट्रोवाले वापरतात ती टेट्रा सिस्टीम २५ किलोहर्ट्झमध्ये चार तुकडे करते आणि तिची सिग्नल पाठवायची पद्धतच वेगळी. डीएमआर सेटमध्ये कुठलंही फर्मवेअर घाला, तो टेट्रा होणार नाही. व्हीएचएफचा सेट यूएचएफ होणार नाही. तिथे हार्डवेअरच वेगळं लागतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. ट्रेकला चार-पाच जण असाल तर ट्रंकिंगच्या भानगडीत पडूच नका. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी लायसन्सशिवाय वापरता येतो, फक्त सेटला ईटीए, म्हणजे सरकारची मंजुरी हवी. बाकीच्या फ्रिक्वेन्सीवर लायसन्स लागतं. ऑनलाईन स्वस्तात मिळणारे बरेच सेट यात बसत नव्हते, म्हणून मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स साईट्ससाठी नियम काढले, की फ्रिक्वेन्सी आणि मंजुरीची माहिती तिथेच द्या. तेव्हा ‘पाच वॉट, दहा किलोमीटर’ वाचून हुरळू नका. तोरणा आणि राजगडाच्या मध्ये जो डोंगर आहे तो जाहिरात वाचत नाही.

राईड पुढच्या वर्षीही झाली. सेट पुन्हा त्याच काकांचे, कारण त्यांनी चूक मान्य करून सहा सेटचं भाडं परत दिलं होतं. या वेळी मी आदल्या संध्याकाळी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. प्रत्येक सेटच्या मेन्यूत जाऊन व्हर्जन वाचायचं आणि वहीत लिहायचं. एकोणतीस जुळले, एक नाही. काका म्हणाले, "आत्ता करतो अपडेट, दहा मिनिटं." मी म्हटलं, "काका, आज नको, तो बाजूलाच ठेवा." आदल्या रात्रीचं अपडेट मी ऑफिसातही करू देत नाही. मग सगळ्या सेटमध्ये शेवटचं चॅनल एकच ठेवलं: साधं, अ‍ॅनालॉग, रिपीटरशिवाय, काकांच्याच लायसन्समधल्या फ्रिक्वेन्सीवर. ‘टूं टूं’ ऐकू आलं की नॉब शेवटपर्यंत फिरवा, एवढंच सगळ्यांना सांगितलं. पहाटे प्रत्येक चेकपोस्टवरून जाता-येता दोन्ही बाजूंनी बोलून बघितलं, दहा-दहा वेळा. पानशेतहून दहाच्या दहा आले. त्या दिवशी शेवटचं चॅनल एकदाच वापरलं गेलं, कोणाला तरी चहा हवा होता.

तुमच्याकडे असे किस्से असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात हॅमचं लायसन्स कसं काढायचं, ते बघू. चला, भेटू!