पिंजऱ्यातील सिंहांची नसबंदी

प्राणिसंग्रहालयात सिंहिणीला पिल्ले झाली की ती आनंदाची वार्ता ठरते. परंतु एका वेतात साधारणतः दोन ते चार पिल्ले होतात आणि बंदिवासातला सिंह वीस वर्षांपर्यंत जगू शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे जागेचा व मांसाचा हिशेब किती लवकर हाताबाहेर जातो, ते उमगते. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात तर प्रश्न केवळ संख्येचा नव्हता. तेथील सिंह आशियाई व आफ्रिकी यांच्या संकरातून झालेले असल्याने, गीरच्या वंशात भेसळ होऊ नये म्हणून या शतकाच्या आरंभी त्यांची वीण थांबवून नरांची नसबंदी करण्यात आली.

नसबंदीत वृषणांतून शुक्राणू वाहून नेणाऱ्या नलिका, म्हणजे शुक्रवाहिन्या, कापून बांधतात. वृषणे शाबूत राहत असल्याने टेस्टोस्टेरॉन हे नरत्वाचे संप्रेरक स्रवत राहते आणि त्यावरच पोसलेली आयाळ टिकते. उलट वृषणेच काढून टाकली, तर आयाळ झडते. जखमेचे टाके मात्र विरघळणाऱ्या दोऱ्याने त्वचेच्या आत घालावे लागतात, कारण सिंहाची खरखरीत जीभ बाहेरचा टाका फार काळ राहू देत नाही, आणि टाके काढायचे म्हटले तरी त्याला पुन्हा भूल द्यावी लागते.

तथापि नराला सोपे ते मादीला सोसवतेच असे नाही. नसबंदी झालेला नर समागम करीतच राहतो. मार्जारकुळात समागमाच्या उद्दीपनाने बहुधा बीजांड बाहेर पडते आणि गर्भ न राहताही गर्भारपणाचे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, काही आठवडे स्रवते. या अवस्थेस छद्मगर्भावस्था म्हणतात. ती वर्षानुवर्षे पुनःपुन्हा येत राहिली, की गर्भाशयाचे अस्तर जाड होते व त्यात पू साचण्याचा धोका वाढतो. 1970च्या दशकात प्रचारात आलेली, मादीच्या त्वचेखाली बसवायची मेलेन्जेस्ट्रॉल अॅसिटेटची गर्भनिरोधक कांडी प्रोजेस्टेरॉनच्याच जातीच्या संप्रेरकाची होती. तिने वीण थांबली खरी, पण पुढे मोठ्या मार्जारांतील गर्भाशयाच्या विकारांशी व स्तनांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आढळला.

म्हणून जिथे वीण कायमची थांबवायची आहे, तिथे अंडाशये, आणि गरज भासल्यास गर्भाशयही, काढण्याची शस्त्रक्रिया मोठी असली तरी मादीच्या दृष्टीने तीच अधिक हिताची आहे. जिच्याकडून पुढे वंश हवा आहे, अशा मादीवर मात्र शस्त्र चालवू नये. त्याऐवजी नराला वेगळ्या आवारात ठेवावे.