घराबाहेर जाणारे पाणी



पाणी गाळून घ्यावे, बेताने वापरावे, गाळण्यात अडकलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच जलस्थानी सोडावेत, हा संस्कार जैन घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला आहे. घरात येणाऱ्या पाण्याविषयीचा हा विवेक घराबाहेर जाणाऱ्या पाण्यालाही लागू व्हावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या कौशल्यातून येथे तलाव उभे राहिले. मालगुजारी संपल्यावर ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. धानाचे ओलित, ढिवर बांधवांची मासेमारी, शिंगाडा, गुरांचे पाणी हे सारे त्यांच्यावर चालते. आणि गावाची नालीही पुष्कळदा एखाद्या बोडीत वा तलावातच उतरते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या घरी हे २७५ लिटर होतात आणि त्यांतील मोठा भाग न्हाणी-मोरीतून बाहेर पडतो. हे पाणी नालीत तुंबले की त्यात क्यूलेक्स डासांची पैदास होते. हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास तो हाच, आणि पूर्व विदर्भ या रोगाचा जुना पट्टा आहे. सामुदायिक औषधोपचाराच्या गोळ्या रोगजंतूंचा नाश करतात, दारापुढचे डबके मात्र तसेच राहते. तेच पाणी तलावात गेले की साबणातील व खरकट्यातील द्रव्यांवर शेवाळ आणि जलपर्णी माजतात. त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात.

नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या लहानशा गावाने घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या बंद केल्या आणि डासमुक्त गाव असा लौकिक मिळविला. गोंदियात मात्र भूमी पाहूनच उपाय योजावा लागतो. धानपट्ट्यातील चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते आणि पावसाळ्यात भूजल वर येते. जेथे पाणी मुरते तेथे विहिरीपासून दूर शोषखड्डा घ्यावा. जेथे मुरत नाही तेथे परसबागेला द्यावे. उरलेले पाणी तलावाच्या अलीकडे उथळ तळ्यांत थांबवावे. तेथे गाळ तळाशी बसतो, सूर्यप्रकाशात शेवाळ प्राणवायू देते आणि त्यावर जगणारे जिवाणू घाण पचवितात. कर्दळीच्या मुळांचेही साह्य होते. शौचालयाचे मैलापाणी यात कदापि मिसळू नये, आणि साचलेला गाळ वेळोवेळी काढावा. तो निघाला नाही तर तेच तळे डासांचे नवे घर होते.

या कामाला मोठे यंत्र लागत नाही, नित्याची निगा लागते. पाणी ओठी लावण्यापूर्वी जो हात ते गाळतो, त्याच हाताने मोरीबाहेरच्या धारेचीही वाट पाहून ठेवावी. जीवदयेचे व्रत तेथवर पोहोचले की तलावातील मासा आणि काठावरचे मूल, दोघेही सुरक्षित राहतील.