श्राव्य की दृश्य?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील वयोवृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी नोंदवून घेऊन त्या पॉडकास्टच्या रूपाने घरोघरी पोहोचवाव्यात, असा ठराव मागील सभेत एकमताने संमत झाला. मतभेद उपस्थित झाला तो त्याच्या पुढच्या पायरीवर. तरुण मंडळी म्हणतात, चित्रफीत घ्यावी. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, नुसता आवाज पुरे. निधी बेताचा आहे आणि ज्यांच्या आठवणी घ्यावयाच्या त्यांचे वय आपल्यासाठी थांबणारे नाही. सबब या प्रश्नाचा निकाल आजच लागलेला बरा, असे मला वाटते.

पॉडकास्ट हा शब्द २००४ साली बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने 'गार्डियन' पत्रातील एका लेखात योजला. आयपॉड हे खिशात मावणारे गाण्याचे यंत्र आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रक्षेपण, या दोहोंचा तो संधी होय. २००५ साली ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये त्यास स्थान दिले आणि त्याचा प्रसार झाला. मूळचा हा प्रकार मुख्यत्वे कानांचा. आज मात्र त्याचे रूप पालटले आहे. महिन्याकाठी शंभर कोटी लोक आपल्याकडे पॉडकास्टांचा लाभ घेतात, असे यूट्यूबने २०२५ साली जाहीर केले. तेव्हा आमची मुले पॉडकास्ट म्हणजे चित्रफीत असे समजून चालतात, यात त्यांचा दोष नाही.

त्यांचा एक मुद्दा तर मोठा बिनतोड दिसतो. ते म्हणतात, चित्रफितीतून आवाज केव्हाही वेगळा काढता येतो. आवाजातून चित्र मात्र कधीही निर्माण करता येत नाही. मग आधी चित्र का घेऊ नये? यंत्रापुरते हे अक्षरशः खरे आहे. परंतु आपला व्यवहार यंत्राशी नसून माणसांशी आहे. कॅमेरा आणि दिवे मांडून बसलेल्या चौघा अनोळखी मंडळींपुढे ऐंशी वर्षांची आजी तेच बोलेल का, जे ती स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता बोलते? ती आधी ठेवणीतले लुगडे काढील, सून तिचे केस नीट करील, आणि मग ती समारंभात बोलावे तसे चार गोड शब्द बोलेल. नवऱ्यामागे मुलांना कसे वाढविले, कोणत्या दिराने दार लावून घेतले, हे तिच्या मुखातून निघावयाचे नाही. लहानसा मुद्रक शेजारी ठेवला, तर पाव तासात तिला त्याचा विसर पडतो. शिवाय कॅमेऱ्यापुढे बोलणारा सहजच "हे असं" म्हणून हात करतो. पुढे त्या फितीतून नुसता आवाज काढला म्हणजे ऐकणारा आंधळ्यासारखा चाचपडत राहतो.

या बाबतीत एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. हेमा राईरकर व गी पॉइटेविन यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला आणि त्यांपैकी पुष्कळ फितींवर उतरविल्या. 'पारी' हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ २०१७ पासून त्या प्रसिद्ध करीत आले आहे. त्यासाठी त्यांची मंडळी पुन्हा त्या गावी गेली आणि गाणाऱ्या बायांची छायाचित्रे व चित्रफिती घेऊन आली. तोवर काहीजणी निवर्तल्या होत्या. त्यांचा आवाज उरला, गातानाचा चेहरा राहून गेला. ही हानी थोडी नव्हे. तरुणांचा आग्रह मला समजतो तो याच ठिकाणी. म्हणून माझी सूचना अशी की, आठवणी श्राव्यच घ्याव्यात. पण बैठक संपल्यावर, मन मोकळे झालेले असताना, त्या व्यक्तीची चांगली चार छायाचित्रे अवश्य घ्यावीत. त्यांपैकी एक स्थिर चित्र लावून तोच ध्वनी यूट्यूबवरही चढविता येतो.

याला अपवाद हातांच्या कामाचा. सांजोरी कशी मुडपावी, बाळंतिणीचे काढे कसे करावेत, चौक कसा भरावा, हे कितीही सांगितले तरी ऐकून येत नाही. तेथे चित्रफीतच हवी, आणि तीही चेहऱ्यापेक्षा हातांची.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. एक तासाचे साधे बोलणे सुमारे एकोणतीस एमबीत मावते. तेवढ्याच वेळेची बऱ्यापैकी स्वच्छ चित्रफीत सव्वादोन जीबीच्या घरात जाते, म्हणजे पाऊणशे पटींहून अधिक. संकलनाचे श्रमही त्याच मानाने वाढतात. मात्र आवाज स्वस्त म्हणून हयगय करू नये. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असावा, पंखा बंद करावा, गाद्या-पडदे असलेली खोली निवडावी, आणि कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्यावी. ज्यांना ऐकू येत नाही अशांसाठी प्रत्येक भागाचे लेखन करून ठेवावे. स्मरणिकेलाही ते उपयोगी पडेल.

आणखी एक. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटी त्या आपले नाव स्वमुखाने सांगत. चेहरा नसलेल्या आवाजाला नाव हवेच. आपणही प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि दिनांक त्याच्याच तोंडून घ्यावा. फायलीचे नाव बदलते, हे बदलत नाही.

आता संमतीविषयी. आपण एकमेकांचे सोयरे आहोत. एका घराची आठवण ही दुसऱ्या घराची उणीदुणी असू शकते, आणि जाळ्यावर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. तेव्हा मुद्रण संपल्यावर ते बोलणाऱ्यास ऐकवावे, आणि "हे गाळा" असे ती व्यक्ती म्हणेल तेवढे निमूटपणे गाळावे. मूळ प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी जपावी. ती उघडण्याचा अधिकार कोणास, हे कार्यकारी मंडळाने लेखी ठरवावे.

ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढील वडील मंडळी आहेत त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणिसांकडे नावे द्यावीत. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांच्याकडे आपण प्रथम जाऊ. मुद्रक माझ्याजवळ आहे. येत्या रविवारपासून मी मोकळा आहे.