कठोर मुलाखत आणि आपला तरुण
(वांगणी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दूरचित्रवाणीवरील उद्योगस्पर्धा आज घरोघरी औत्सुक्याने पाहिल्या जातात. इंग्लंडात २००५ साली सुरू झालेल्या ‘द अप्रेंटिस’ या स्पर्धेत अंतिम फेरीपूर्वी मुलाखती होतात. उमेदवाराचा अर्ज समोर ठेवून परीक्षक ओळीओळीची झडती घेतात आणि फुगवून लिहिलेला आकडा तेथल्या तेथे उघडा पडतो. आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘शार्क टँक इंडिया’त नोकरीऐवजी भांडवल मागावयाचे असते, परंतु कसोटी त्याच धर्तीची.

त्या कार्यक्रमाच्या पहिल्याच पर्वात नाशिक जिल्ह्यातील मालेगावकडचे श्री. कमलेश घुमरे उभे राहिले. शेतकऱ्याने फवारणीचा पंप पाठीवर वाहू नये, म्हणून चाकांवर ढकलत नेण्याचे यंत्र त्यांनी तयार केले होते. त्यांनी दहा टक्के भागीदारीच्या बदल्यात ३० लाख रुपये मागितले. म्हणजे उद्योगाचे मोल ३ कोटी धरले. अखेर श्री. पीयूष बन्सल यांनी चाळीस टक्क्यांसाठी १० लाख व २० लाखांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. या हिशेबाने मोल २५ लाखांवर आले. ज्याला हे गणित उमजते, तोच अशा प्रसंगी ‘हो’ किंवा ‘नाही’ विचारपूर्वक म्हणू शकतो. खरी कठोरता आवाजात नसून या गणितात आहे.

विक्री किती, खर्च किती, उरते काय, हे विचारणे कठोर असले तरी न्याय्य होय. उमेदवाराच्या बोलीला, वेषाला वा गावाला हसणे ही मात्र परीक्षा नव्हे. तो करमणुकीसाठी मांडलेला अपमान होय. शिवाय, दीर्घकाळ चाललेला संवाद कापून काही मिनिटांत दाखविला जातो, आणि त्यात झोंबणारे वाक्य हटकून राखले जाते, हेही आपण विसरू नये.

जव्हार-मोखाड्याच्या या डोंगराळ मुलखातील मुलगा नागली, वरई, मोगरा यांविषयी घरी तासभर बोलेल; परंतु शहरातील कचेरीत चार अनोळखी माणसांपुढे तोच मुका होतो. त्याच्या ठायी ज्ञान नाही असे नव्हे. प्रश्न विचारून घेण्याची सवय त्याला आपण कधी लावलीच नाही. ‘मोठ्यांपुढे बोलू नये’ हीच शिकवण आपण दिली.

म्हणून माझी एक सूचना आहे. नोकरी-व्यवसायात मुरलेल्या मंडळींनी सुट्टीच्या दिवसांत येथेच सरावाच्या मुलाखती घ्याव्या. मुलांबरोबर मुलींनाही बसवावे. प्रश्न निर्भीड असावेत, शब्द सभ्य असावेत. ‘ठाऊक नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणाऱ्यास शाबासकी द्यावी आणि चुकलेल्या आकड्याची दुरुस्ती त्याच बैठकीत करून द्यावी. घरच्या माणसांनी प्रेमाने घेतलेली उलटतपासणी परक्यांच्या तिखट प्रश्नांपुढे ढालीसारखी उपयोगी पडेल.

या कार्यास सर्वांनी हातभार लावावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.