शाळेच्या परसबागेतील टोमॅटो : वाणाची निवड



टोमॅटोच्या बियांचे पाकीट घेताना आपण फळाचे चित्र पाहतो. माझी विनंती अशी की, चित्राआधी दिवस पाहावेत आणि ते शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवावेत. मुलांनी पावसाळाभर निगा राखावी आणि फळे पिकावीत ती दिवाळीच्या सुट्टीत, असे घडल्यास ती पोषण आहारात येत नाहीत आणि पुढील वर्षी मुलांचा उत्साहही राहत नाही.

वाणाचे दिवस बहुधा रोपांच्या लागणीपासून मोजलेले असतात. बी जागेवरच टोकावयाचे असेल, तर त्यांत रोपवाटिकेतील सुमारे २५ दिवस मिळविले पाहिजेत. ६० दिवसांचा वाण ५ जुलैस टोकला, तर पहिली फळे सप्टेंबरअखेर हाती येतील. ९० दिवसांचा वाण ऑक्टोबरअखेरपर्यंत जाईल. हा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावा.

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने काढलेले 'पुसा अर्ली ड्वार्फ' आणि 'पुसा रूबी' हे वाण लवकर येणारे आहेत. पहिला लागणीपासून ५५ ते ६० दिवसांत, तर दुसरा ६० ते ६५ दिवसांत फळे देतो. पहिल्याचे झाड बुटके असते. 'पुसा रूबी' वाढत राहतो. त्यास काठीचा आधार द्यावा.

पाणी साचू नये म्हणून बी वरंब्यावर टोकावे. दीड-दोन फुटांवर दोन-तीन बिया सुमारे एक सेंटिमीटर खोल टाकाव्यात. मुसळधार पावसाचा दिवस टाळावा, नाही तर बी वाहून जाते. रोपांना चार पाने आली की एक जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत.

हे दोन्ही सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत. म्हणून त्यांचे बी घरी धरता येते. निरोगी झाडावर प्रथम पिकलेली दोन-चार फळे राखून ठेवावीत. त्यांचे बी गरासह एक-दोन दिवस आंबवावे, धुवावे व सावलीत वाळवावे. संकरित वाणाचे बी धरल्यास पुढील पिकात तेच गुण उतरत नाहीत.

ज्या शाळेजवळ बियांसाठी पैसा नाही, तिलाही अशा रीतीने दरवर्षी परसबाग करता येईल. मुलांच्या हातचे फळ मुलांच्याच ताटात पडावे, एवढ्यासाठी हा दिवसांचा हिशेब आपण अवश्य करावा.