कोठीघराचा तळ

वाण्याची यादी लिहावयास बसण्यापूर्वी आपल्यापैकी किती जण कोठीतील डबे उघडून पाहतात? गेल्या वैशाखात मी ते पाहिले. चार डब्यांच्या तळाशी मूठमूठ डाळ निघाली, गतवर्षीचे सांडगे निघाले आणि शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात हिवाळ्यातील तुरीचे सोले निघाले. यादी मी तशीच बाजूस ठेवली. मिश्र डाळींचे वरण, येसर लावलेला सांडग्यांचा रस्सा, सोल्यांची आमटी, शिळ्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा, अशा बेतांवर आमचे आठ दिवस सुखाने गेले व निवृत्तिवेतनाचे चार पैसे वाचले.

कोणी यास कृपणपणा म्हणेल. परंतु १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांस दाण्याचे मोल सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. टाकलेल्या अन्नाबरोबर ते पिकविण्यास लागलेले पाणीही वाया जाते, हे निदान आपण मराठवाड्यातील लोकांनी विसरू नये.

मात्र काटकसरीस विवेक हवा. किंचित कीड लागलेली डाळ उन्हात घालून, पाखडून वापरता येते. बुरशी आलेले शेंगदाणे मात्र टाकूनच द्यावेत, कारण त्यातील विष भाजल्यानेही पुरते जात नाही.

पावसाळी दमट हवा सुरू होण्यापूर्वी जुने धान्य पुढे घ्यावे, नवे मागे ठेवावे. उद्या बाजारात जाण्याआधी एक डबा उघडून पाहावा, एवढीच विनंती.